ब्रँड नको, बॉबिन केस सांगा : पोळा ते दिवाळीची नोंद

जुन्या शिलाई मशिनी जमवून दुरुस्त करणं हा माझा छंद. त्यातली उदगीरहून आणलेली सिंगर 15-के अखेर शिवायला लागली. तिला गंज फारसा नव्हता, जड चालण्याचं कारण तेल होतं. आधीच्या घरात कुणी तरी वर्षानुवर्षं खोबरेल घातलं असणार, ते आत सुकून लाखेसारखं धरलं होतं. अशा वेळी जुने मिस्त्री रॉकेल सांगतात. रेशनचं रॉकेल आता कुठलं मिळायला, म्हणून प्रत्येक भोकात डिझेलचे थेंब सोडत गेले आणि मोठं चाक हातानं मागेपुढे करत राहिले. चाक सुटलं की डिझेल पुसून काढायचं आणि मगच शिलाई मशीनचं पातळ तेल द्यायचं. हा क्रम मोडला तर आठवड्यात मशीन पुन्हा जड होते.

बाहेरच्या सोनेरी नक्षीला मात्र डिझेल, थिनर, स्पिरिट काहीच लावू नका. काळ्या रंगावरचा जुना लेप शेलॅकचा असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो आणि नक्षीही घेऊन जातो. मशीनचंच तेल कापसावर घ्या, अलगद फिरवा, पुसा. वेळ लागतो. लागू द्या.

टाके सुटत होते ते सुईच्या दांडीमुळे. दांडी थोडी वर सरकलेली होती. जुन्या सिंगरच्या दांडीवर बारीक रेघा असतात, बऱ्याच मिस्त्रींना त्या दाखवून द्याव्या लागतात. सुई अगदी खाली असताना वरची रेघ दांडीच्या बुशिंगला (दांडी ज्या कडीतून सरकते तिला) टेकायला हवी. मग चाक फिरवून दांडी दुसऱ्या रेघेपर्यंत, म्हणजे साधारण 2 मिलिमीटर वर आणा. त्या क्षणी हुकचं, म्हणजे सुईतल्या दोऱ्याचा फास पकडणाऱ्या खालच्या भागाचं, टोक सुईपाशी पोचलेलं दिसलं पाहिजे. रेघा झिजल्या असतील तर हे 2 मिलिमीटर लक्षात ठेवून काम भागतं. आणि सुई उलटसुलट बसवल्याचा संशय आला तर तिची लांब खाच बघा. खाच ज्या बाजूला, दोरा त्या बाजूनं ओवायचा.

बेडवरचा (मशीनच्या सपाट तळावरचा) नंबर ई-पासून सुरू होणारा, दोन अक्षरांचा. ही मालिका स्कॉटलंडच्या क्लायडबँक कारखान्याची, 1935 पासून पुढची. मॉडेलमधला ‘के’ तिथल्या किलबोवीचा. कारखाना 1980 मध्ये बंद पडला.

आता बिल्ल्यांकडे येते. या हंगामात माझा जास्त वेळ त्यांच्यातच गेला.

विक्रेते पूर्वी मशीनवर आपल्या दुकानाचा छोटा पितळी किंवा अल्युमिनियमचा पत्रा ठोकत. दुकान, पेठ, गाव. लोक मशीन घासून लखलखीत करतात आणि हा पत्रा उपटून टाकतात, ते बघून माझा जीव खालीवर होतो. माझ्याजवळच्या बिल्ल्यांत नांदेड-परभणीकडच्या मशिनींवर हैदराबादची दुकानं जास्त दिसतात, लातूरकडच्या मशिनींवर सोलापूर-मुंबईची. मला याचं कारण रेल्वे वाटते. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादला जाणारी मीटरगेज 1900 च्या सुमारास सुरू झाली. लातूरला बार्शी लाइटची छोटी गाडी कुर्डुवाडीहून यायची, म्हणजे तोंड मुंबईकडे. ज्या रुळावरून मशीन आली त्याच रुळावरून सुयाही येणार. उदगीरच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये उर्दू शिक्क्याची एक फाटकी पावती निघाली, रक्कम हाली सिक्क्यात. निजाम राज्याचं चलन वेगळं आणि जकातही वेगळी, त्यामुळे मुंबईचा भाव इथे जसाच्या तसा लागत नसे.

पावतीवर ‘किस्त’, म्हणजे हप्ता, असा शब्द आहे. हप्त्यांवर मशीन द्यायची पद्धत सिंगरने अमेरिकेत 1856 मध्येच सुरू केली होती. मुंबईत 1875 पासून नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सिंगरची एजन्सी सांभाळली आणि कंपनीचा धंदा या देशात पसरवला. गांधीजी यंत्रांवर एवढं टीकेचं बोलले, पण 1924 मध्ये सिंगर मशीनला त्यांनी अपवाद केलं होतं. मोजक्या उपयोगी शोधांत तिची गणना केली. आपल्याकडे हातमशीन घेऊन बसणाऱ्या बायांना हे कुणी सांगायची गरज पडली नसेल.

ब्रँडच्या वादात मी आता पडत नाही. ‘उषा भारी की मेरिट’ म्हणून आपल्यातच किती जुंपते! दोन्ही उघडून शेजारी ठेवा. आत एकच नमुना दिसेल, सिंगरचा क्लास 15, म्हणजे माझ्या 15-केचाच. कंपन्यांनी पेटंटं एकत्र धरून केलेली अमेरिकेतली एकी 1877 मध्ये संपली आणि पुढे शिलाई मशीन बनवायला इतरांना वाट मोकळी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी क्लास 15 हाच नमुना प्रमाण धरला, एकाचा पार्ट दुसऱ्याला बसेल असं ठरवून. आपल्याकडे कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगनं उषा काढली, लुधियानात तर घरोघरी म्हणावेत इतके कारखाने उभे राहिले आणि नावंही तितकीच. मेरिट हे सिंगरचंच इथलं नाव, संस्थापक आयझॅक मेरिट सिंगरच्या मधल्या नावावरून. कोलकात्यातला उषाचा जुना कारखाना आता नाही, त्या जागी साऊथ सिटी मॉल आहे. तिकडे सिंगर, जर्मन फाफ आणि स्वीडिश हुस्कवार्ना वायकिंग या मशीन कंपन्या 2006 मध्ये एकाच छपराखाली आल्या आणि 2021 मध्ये तो सगळा गठ्ठा प्लॅटिनम इक्विटी या गुंतवणूक कंपनीने घेतला. नाव तेच, मालक तिसराच. मग नक्षीवरच्या नावावर जीव टाकण्यात काय अर्थ?

संभाजीनगरच्या जुन्या बाजारात मी ज्यांच्याकडे पार्ट घेते त्या चाचांनी हे एका वाक्यात सांगितलं. मी बिल्ल्याचा फोटो पुढे केला आणि कुठली कंपनी असेल असं विचारलं. त्यांनी चष्मा वर केला, म्हणाले, “कंपनी कायकू पूछरे बेटा? केस कौनसी लगती वो बोलो.” मग लुधियानाची नवी बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळ (बॉबिन) धरणारी डबी, डब्यातून काढली, क्लायडबँकच्या मशीनला लावली, चाक फिरवलं. बसली. टेन्शनचा स्क्रू अर्धा फेरा सैल करावा लागला, इतकंच. स्क्रूंचंही तेच आहे. सिंगरचे पेच सर्वसाधारण बाजारातल्या मापाचे नाहीत, हार्डवेअरच्या दुकानातला मेट्रिक स्क्रू जबरदस्तीने घातला की भोक गेलं. पण शिलाई मशीनच्या पार्टवाल्याकडे तो पेच आजही मिळतो, कारण नमुन्यासोबत पेचही जगभर गेला. आपल्या भागात कुठली मशीन टिकली हे या काउंटरवर ठरलं असं माझं मत आहे. ज्या मॉडेलचा पार्ट लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत मिळतो तेच मॉडेल गावात दिसतं. सिंगरचीच क्लास 66 कितीही गुळगुळीत चालत असली तरी तिचा फुगीर बॉबिन वेगळा, म्हणून ती माळ्यावर गेली.

सप्टेंबर 2025 च्या शेवटी पूर आला. भूम-परांड्याकडच्या, बीडकडच्या घरांत दुकानांत पाणी आणि गाळ. नंतरचे काही आठवडे चाचांच्या दुकानापुढे चिखलात बुडालेल्या मशिनींची रांग लागलेली. छंद वगैरे बाजूला ठेवून मीही तिथे घासायला बसत होते. बिडाची पायमशीन असली तर इलाज सोपा. आधी स्वच्छ पाण्याने गाळ काढायचा (हो, पाण्यानेच, गाळ तेलात मिसळला की बुश खाऊन टाकतो), लगेच उन्हात वाळवायची, मग डिझेल, मग तेल. बहुतेक चालू झाल्या. फळी फुगली, चामडी पट्टा गेला, पण हेड, म्हणजे वरची मुख्य मशीन, वाचलं. परांड्याकडच्या एक मावशी आपली मशीन न्यायला आल्या, तिथेच रुमालाची एक कडा शिवून पाहिली आणि मला म्हणाल्या, “तुम्ही असल्या जुन्या मशिनी घेऊन काय करायलात? आमाला तर ह्याच्याबिगर भागत नाही.” उत्तर द्यायला काही नव्हतं, मी त्यांना तेलाची कुपी भरून दिली.

घरगुती ऑटोमॅटिक मशिनी आणि सर्व्हो मोटरवाल्या मशिनींचं तसं झालं नाही. कंट्रोल बॉक्समध्ये पाणी गेलेली एकही तिथे दुरुस्त होताना मी पाहिली नाही. बोर्ड बदलायचा, तो बाहेरून मागवायचा, तोवर दिवाळीचा हंगाम हातचा जातो.

म्हणून नव्या मशीनला नावं ठेवायची नाहीत. आपल्याकडे कुठलीही वेगवान कारखानी मशीन ‘जुकी’च असते, वर जॅकचं नाव छापलेलं का असेना. जुकी जपानी, जॅक चिनी. पूर्वी या मशिनींना क्लच मोटर असायची, शिवा न शिवा, ती दिवसभर घूं-घूं करत वीज खाणार. सर्व्हो मोटर पाय दाबला तरच फिरते. शाळेच्या गणवेशाचं काम घेणाऱ्या बाईला जून महिन्यात हा फरक वीजबिलात दिसतो आणि डोक्यालाही आराम पडतो. माझा आक्षेप एवढाच की मशीन विकणाऱ्याने बोर्डही दुकानात ठेवावा. पार्ट ठेवत नाही तो डीलर कसला, तो नुसता पोचवणारा.

विक्रेत्यांचंच बोलायचं तर दोन गोष्टींनी काउंटर हलले. 17 सप्टेंबर 2023 ला, म्हणजे नेमकं आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसायांत शिंपी आहेत आणि साधनांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आहे. गावागावांत नवी हेडं पोचली, जुन्या पायमशिनी भंगारात निघाल्या. आपल्यासारख्यांची चंगळ, पण जालन्याच्या भंगारवाल्यांची आपल्याआधी. दुसरी गोष्ट जीएसटीची. 22 सप्टेंबर 2025 पासून, घटस्थापनेच्या दिवशी, शिलाई मशीन आणि सुट्या भागांवरचा कर 12 वरून 5 टक्के झाला. पुरात मशीन गेलेल्यांना निदान तेवढा हातभार.

भंगाराहून मोठा शत्रू म्हणजे कॉफीची दुकानं. बिडाचा स्टँड घेतात, वर काच टाकतात, हेड फेकून देतात. विकणाऱ्याला विचारा, हेड तरी द्या म्हणा, बऱ्याचदा फुकट मिळतं. आणि लाल पाऱ्याचे फोन अजून येतात बरं का! जुन्या सिंगरच्या आत लाखो रुपयांचा पारा असतो ही थाप 2009 मध्ये सौदी अरेबियात इतकी पसरली की लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले. पारा वगैरे काही नसतो. असं विचारणाऱ्याला मशीन दाखवूही नका, खोलून ठेवतो आणि परत जोडत नाही.

सध्या टेबलावर 28-के हातमशीन आहे. लांब बॉबिनची, होडीच्या आकाराच्या शटलची (हीच खालचा दोरा नेते), म्हणजे वर सांगितलेला सगळा शहाणपणा इथे निरुपयोगी. चाचांच्या डब्यात तिची शटल नाही, नांदेडला विचारून झालं. जुनी शटल झिजलेली आहे, खालचा दोरा मध्येच सैल पडतो. हैदराबादकडे कुणाच्या ओळखीचा जुना पार्टवाला असेल तर सांगा. शटल नवी नकली असली तरी चालेल, फक्त टोकाला खरवड नको. आणि लातूरच्या दुकानांचे बिल्ले कुणाकडे असतील तर फोटो काढताना पत्र्याच्या रिव्हेटांसकट काढा, रिव्हेट मूळचे की नंतर ठोकलेले ते त्यावरून कळतं.