आमची वाटचाल : एका काहिलीभोवती जमलेले कलावंत

कोल्हापुरातील आमचा छापखाना वडिलांच्या काळापासून लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल छापत आला आहे. त्याच छापखान्याच्या माडीवर आता काही चित्रकार, लेखक, ध्वनिमुद्रण करणारी मुले, एक कीर्तनकार आणि दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात घालवलेले एक ज्येष्ठ कारागीर मिळून एका काल्पनिक गावाची कथा रचतात. ही कथा चित्रकथेच्या अंकांतून, श्राव्य मालिकेतून, भिंतींवरील चित्रांतून आणि नदीकाठच्या पायी फेरीतून लोकांसमोर येते. ही मंडळी कशी जमली आणि मुख्य म्हणजे टिकली कशी, हे आमच्यासारख्या लहान व्यावसायिकांना उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोल्हापूरला कलावंतांची वाण कधीच नव्हती. बाबूराव पेंटरांनी येथेच स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही रंगवली. प्रभात फिल्म कंपनीही १९२९ मध्ये येथेच स्थापन झाली. मात्र १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, आणि शिकून तयार झालेल्या माणसाने पुण्या-मुंबईची वाट धरायची हा शिरस्ता आजतागायत चालू आहे. आमच्याकडे मुखपृष्ठे करणारी हुशार मुलेही याच वाटेने जात होती. त्यांना थांबवायचे तर सुटी कामे देऊन भागणार नव्हते. ज्यात प्रत्येकाचा वाटा दिसेल असे एक दीर्घकाळ चालणारे काम हाती असणे आवश्यक होते.

ट्रान्समीडिया कथनाची कल्पना तेव्हा आमच्या कामी आली. कादंबरीचे नाटक आणि नाटकाचा चित्रपट करताना तीच कथा पुन्हा सांगितली जाते. येथे प्रत्येक माध्यम कथेचा निराळा तुकडा सांगते. एखादा तुकडा एकटाही समजतो आणि सारे जोडले की गावाचे चित्र पूर्ण होते. हे समजावताना मी परदेशी उदाहरणे देत नाही. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि तेथे कोहळा फोडण्याचा विधी होतो. देवळातल्या मूर्तीसमोर उभे राहून अंबाबाईवर रुसलेल्या तिच्या सखीची, टेंबलाईची, ही कथा कळत नाही. ती टेकडीवर गेल्यावर, पालखीच्या वाटेवर आणि घरच्या थोरल्यांच्या तोंडून पुरी होते. एवढे सांगितले की कोल्हापूरकराला पुढचे व्याख्यान लागत नाही.

विषय महापुराचा घ्यावा यावर फारसे मतभेद झाले नाहीत. पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याची पातळी पाहणे ही येथील घराघरातली सवय आहे. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये त्याहूनही वर. त्यामुळे आमच्या श्राव्य मालिकेच्या भागांना क्रमांकाऐवजी फुटांची नावे आहेत, आणि कथेतील गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगा कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीच्या आसपास कल्पिलेले आहे. वाडीला चढते पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. त्याच पाण्याने खालच्या गल्लीतील माणूस मात्र जनावरे सोडून निघालेला असतो. आनंद आणि धास्ती एकाच पाण्यावर तरंगत असलेला हा मुलूख आहे, आणि त्याची कथा एका माध्यमात मावणारी नाही असे मला आजही वाटते.

आमच्या कथेत एक काहील आहे. गुऱ्हाळात उसाचा रस आटवण्याची ही भलीमोठी कढई आमच्या भागात नदी ओलांडायला आणि पुरात माणसे हलवायलाही वापरतात. चित्रकाराने पहिल्या रेखाटनात तिला नावेसारखे सरळ पुढे जाताना दाखवले होते. गुऱ्हाळावर राबलेले एक गृहस्थ बैठकीला आले होते, त्यांनी चित्र पाहून विचारले, "ही फिरत का न्हाई?" मग त्यांनी सांगितले की काहिलीला पुढची-मागची बाजू नसते, ती पाण्यात गरगरते, म्हणून आत बसणाऱ्यांनी वजन सारखे वाटून घ्यायचे आणि पोहणाऱ्यांनी बाहेरून कडांना धरून तिला ढकलत न्यायचे. त्या एका वाक्यावर पुष्कळ काम झाले. चित्रकाराने पानावरील चौकटीच गोलाकार केल्या, ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीने पत्र्यावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज डाव्या कानातून उजव्या कानाकडे फिरवला, आणि काहिलीला बाहेरून धरून पोहणारा, ज्याचा चेहरा चित्रकथेत कोठेच दिसत नाही, तो तरुण श्राव्य मालिकेचा निवेदक झाला. ते गृहस्थ आता आमचे नियमित सहकारी आहेत. निर्माता म्हणजे केवळ लिहिणारा किंवा रंगवणारा, ही समजूत तेव्हापासून आम्ही सोडून दिली.

अशा कामाचा खरा आधार म्हणजे आमचे दप्तर. गावातील प्रत्येक घर, पात्र, नाते, सण आणि पुराचा दिवस त्यात नोंदलेला असतो, आणि नोंदीपुढे ती कोणी व केव्हा केली हे लिहिलेले असते. लेखकाने एखाद्या आजीला तिसऱ्या भागात मारायचे ठरवले आणि भिंतीवर ती पुढच्या वर्षीच्या पुराकडे पाहत बसलेली रंगवली गेली असेल, तर तंटा दप्तरासमोर मिटतो. आधी प्रसिद्ध झालेले खरे धरायचे आणि नंतरच्याने त्यातून वाट काढायची, हा नियम आहे. नुसते कलावंतांचे मेळावे भरवून समुदाय उभा राहतो यावर माझा विश्वास नाही. मेळाव्यात चहा होतो, ओळखी होतात, आणि माणसे आपापल्या घरी जातात.

दप्तरातील नावांना कायद्याचीही बाजू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते त्याचे हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज, हस्तांतरित होत नाहीत. अनेक माध्यमांत काम करणाऱ्याने ही तरतूद आवर्जून वाचावी. आम्ही हक्क विकतच घेत नाही. पात्र ज्याने आणले त्याच्याकडे मालकी राहते, संस्थेला ठरावीक मुदतीचा परवाना मिळतो, आणि दुसऱ्या सहकाऱ्याने ते पात्र वापरले तर मूळ निर्मात्याचे नाव व उत्पन्नातील वाटा ठरलेला असतो. मराठीत, साध्या भाषेत लिहिलेला हा करार दोन पानांचा आहे. पाट्या रंगवणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची नावे रंगवली होती. करारावर स्वतःच्या नावापुढे 'निर्माता' हा शब्द आहे ना, हे त्यांनी सहीपूर्वी दोनदा तपासले.

पैशाचे म्हणाल तर माडीचे भाडे आजही खालचा छापखानाच भरतो. चित्रकथेच्या अंकांची विक्री, शाळांमधील कार्यशाळा आणि पायी फेरीचे शुल्क यांतून सहकाऱ्यांचे मानधन निघते, आणि पुराच्या दिवसांत फेरी बंद असली तरी श्राव्य मालिकेचे श्रोते वाढतात. अनुदानाच्या भरवशावर मी कोणालाही बोलावलेले नाही.

नदी शिरोळपाशी थांबत नाही, त्यामुळे कथाही थांबली नाही. कृष्णा पुढे कर्नाटकात जाते, आणि तिथल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने आमच्याकडे पाणी तुंबते की नाही हा वाद दर पावसाळ्यात रंगतो. चिकोडी तालुक्यातील एक कन्नड लेखिका यंदा आमच्यात सामील झाल्या असून त्यांचे गाव त्याच पुराकडे खालच्या अंगाने पाहते. त्यांच्या कथेत वरून येणारे पाणी हा कोल्हापूरकरांचा दोष आहे. काही सहकाऱ्यांना हे रुचले नाही, पण नियमाप्रमाणे लेखिकेच्या कथेची नोंद झाली. दप्तर आता दोन्ही भाषांत ठेवले जाते, आणि राजाराम बंधाऱ्याच्या रकान्याशेजारी अलमट्टीच्या पाणीसाठ्याचा रकाना आखला आहे.