रिलोडिंग डायची सफाई: .308 पूर्ण, 9 मिमी अर्ध्यावर

रिलोडिंग म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरून वापरणं, आणि डाय म्हणजे त्यासाठी प्रेसमध्ये बसवायचे साचे. आजची स्थिती: .308 विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाचा दोन डायांचा स्टीलचा सेट धुऊन, मोजून डब्यात गेला. 9 मिमी या पिस्तुलाच्या काडतुसाच्या कार्बाइड सेटमधला सायझिंग डाय (पुंगळी पुन्हा मापात आणणारा) झाला, सीटिंग डाय (पुंगळीत बुलेट बसवणारा) उघडून ट्रेमध्ये आहे. एक्सपांडर डायला (पुंगळीचं तोंड रुंदावणारा) अजून हात लावलेला नाही.

ही नोंद अमेरिकेत घरी रिलोडिंग करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात दारूगोळा तयार करायला शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 खाली परवाना लागतो, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी यातलं फक्त यंत्रकाम वाचावं.

डाय उघडण्याआधी टेबल मोकळं. पावडर मूळ डब्यात, प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) मूळ खोक्यात, आणि दोन्ही खोलीबाहेर. पावडर मेझरमध्येही दाणा शिल्लक नको. सॉल्व्हंटची वाफ आणि पावडर एकत्र नको, हे सगळ्यांना माहीत असतं. पण प्रायमरला तेलाचं बोट लागलं तर तो मरूही शकतो, आणि किती मेले हे वरून कळत नाही, हे बरेच जण विसरतात. डीकॅपिंग रॉडवरची (जुना प्रायमर ढकलून काढणारी दांडी) करडी भुकटी म्हणजे जळलेल्या प्रायमरची राख, तिच्यात शिसं असतं. नायट्राइल हातमोजे घालायचे, भुकटी ओल्या कागदाने टिपायची. फुंकर किंवा कॉम्प्रेस्ड एअर अजिबात नको. चहाचा कप दुसऱ्या खोलीत.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते: धुण्याआधी मोजणं. डायचे आटे 7/8-14 मापाचे, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला डाय 1.81 मिमी वरखाली होतो. लॉक रिंग (डाय किती खोल बसेल ते ठरवणारी रिंग) 10 अंश सरकली की 0.05 मिमीचा, म्हणजे 0.002 इंचाचा फरक. बोल्ट-ॲक्शन रायफलसाठी पुंगळीचा खांदा (अंगाकडून मानेकडे निमुळता होणारा भाग) साधारण तेवढाच मागे ढकलायचा असतो. म्हणजे रिंग बोटभर हलली की सगळं सेटिंग गेलं. .308 च्या सायझिंग डायवर लॉक रिंगपासून डायच्या माथ्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरच्या डेप्थ रॉडने घेऊन कागदावर लिहून ठेवलं. मार्करची खूण नको, ती सॉल्व्हंटच्या पहिल्याच बुडीत जाते. सीटिंग डायसाठी प्रायमर आणि पावडर नसलेली एक डमी बनवून तिची एकूण लांबी नोंदवली.

सॉल्व्हंट म्हणून मिनरल स्पिरिट पुरेसं आहे. झाकणाच्या काचेच्या बरणीत डाय बुडेल इतकं घ्यायचं, 20 मिनिटं ठेवायचं, मग नायलॉनचा ब्रश. ब्रेक क्लीनर वापरणारच असाल तर क्लोरीन नसलेला घ्या आणि काम अंगणात करा. क्लोरीनवाल्याची वाफ तापलेल्या धातूवर किंवा ज्योतीवर गेली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. अल्ट्रासॉनिक टाकीत फक्त पाण्याचं द्रावण, ज्वलनशील काहीही नाही. शिवाय पुंगळ्या चकचकीत करणारं आम्लयुक्त द्रावण स्टीलच्या डायला नको, पृष्ठभाग खाल्ला जातो. पाण्यातून काढलेला डाय तसाच ठेवला तर थोड्याच वेळात तांबूस छटा येते, म्हणून लगेच 91 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची धुणी आणि मग कोरडं करणं. रबरी ओ-रिंग असलेल्या लॉक रिंगा आधी काढून ठेवाव्यात. ॲसिटोन किंवा ब्रेक क्लीनरमध्ये रबर फुगतं, मग ती रिंग जागेवर धरत नाही.

.308 च्या सायझिंग डायमध्ये दोन गोष्टी सापडल्या. पहिली, हवेचं बारीक भोक जुन्या लॅनोलिनने (पुंगळीला लावायचं वंगण) बंद. लॅनोलिन पुंगळीसोबत आत जातं आणि बाहेर निघायला वाट मिळाली नाही की खांद्यावर खळगे पडतात. लोक त्याचा दोष वंगण जास्त लावण्याला देतात. तेही खरं, पण आधी भोक बघा. तांब्याच्या तारेचं टोक आतून बाहेर ढकललं की मोकळं होतं.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. पुंगळीच्या अंगावर लांबीच्या दिशेने, दर वेळी त्याच जागी ओरखडे येत होते. याचा अर्थ डायच्या भिंतीला पितळ चिकटलंय. वंगण कमी पडलं किंवा पुंगळीवर वाळूचा कण राहिला की हे होतं, आणि एकदा चिकटलं की त्यावर आणखी चढतं. सॉल्व्हंटने ते निघत नाही. फेल्टच्या बोळ्यावर वाटाण्याएवढी बोअर पॉलिशिंग पेस्ट लावून ड्रिलने संथ गतीत 30 सेकंद फिरवली, पुसलं, टॉर्चने बघितलं, पुन्हा एकदा. बोळा फक्त अंगाच्या भागात ठेवायचा; मानेच्या आणि खांद्याच्या भागात नाही, कारण तिथलं माप गेलं की परत आणता येत नाही. एमरी कागद वापरायचा मोह टाळा. पेस्टचा एक कणही उरला तर तो स्वतःच ओरखडे काढेल, म्हणून शेवटी पुन्हा एकदा स्पिरिटची बरणी.

9 मिमीच्या सायझिंग डायमध्ये पितळ चिकटण्याचा प्रश्न फारसा येत नाही. कार्बाइडची कडी गुळगुळीत आणि अतिशय कठीण. पण ती ठिसूळही आहे. सिमेंटच्या फरशीवर पडला तर डाय वापरण्याआधी कडीवर भेग आहे का ते भिंगाने बघायचं. परत बसवताना शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा भाग) आणि कडी यांच्यात कागदाच्या जाडीएवढी फट सोडायची. स्टीलच्या डायची, शेल होल्डरला टेकवून आणखी पाव फेरा देण्याची सवय इथे लावली तर कडी फुटू शकते. ली कंपनीच्या डायमध्ये डीकॅपिंग रॉड कोलेटच्या पकडीत असतो, अडथळा आला की तो वर सरकावा म्हणून. कोलेटच्या आत तेल राहिलं तर मात्र तो प्रत्येक प्रायमरला सरकतो, आणि मग पान्याने नट आवळत बसावं लागतं. तो भाग कोरडा ठेवा.

सीटिंग डायकडे लक्ष जास्त द्यावं लागेल. शिशाच्या बुलेटवरचं मेणट वंगण सीटिंग स्टेमच्या (बुलेटला वरून दाबणारी दांडी) वाटीत साठतं, कडक होतं, आणि प्रत्येक थराबरोबर बुलेट तेवढी खोल बसते. बाहेरून गोळी अगदी नीट दिसते. 9 मिमीच्या पुंगळीत जागा मुळातच थोडी, त्यामुळे बुलेट खोल गेली की दाब चटकन वाढतो. स्टेम किती फेरे आत होता हे मोजूनच तो काढला. स्पिरिटमध्ये ठेवून वाटी लाकडी टूथपिकने साफ करायची, लोखंडी सुईने नाही. साफ स्टेमने त्याच सेटिंगवर लांबी आधीपेक्षा जास्त येणार, तेव्हा डमी नव्याने बसवून मोजायची. सामी (SAAMI, काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकी संस्था) हिच्या मापानुसार 9 मिमी लुगरची कमाल लांबी 29.69 मिमी, पण खरी मर्यादा तुमच्या रेसिपीतली आणि तुमच्या चेंबरमधली.

साठवणीसाठी गंजरोधक तेलाचा हलका हात, आणि वापरण्याआधी ते पूर्ण पुसणं. सायझिंग डायमध्ये तेल राहिलं तर पुन्हा खळगे, सीटिंग डायमध्ये राहिलं तर ते पावडरपर्यंत उतरतं. कोऱ्या डायवरही कारखान्याचं ग्रीस असतं, त्यालाही हाच नियम.

.308 च्या पडताळणीसाठी पाच पुंगळ्या सायझ करून खांद्याचं माप कंपॅरेटरने घेतलं. पाचही 0.001 इंचाच्या आत, आधीच्या नोंदीशी जुळणाऱ्या. खांदा यापेक्षा जास्त मागे गेला असता तर पुंगळी दर फैरीला ताणली जाऊन बुडाजवळ चकचकीत पट्टा दिसू लागतो, आणि पुढे तिथेच तुटते.

बाकी: 9 मिमी सीटिंग स्टेम, नवी डमी, एक्सपांडर डाय, दोन्ही सेटचे शेल होल्डर.