मुक्कामाच्या गोधड्या

दसऱ्याआधीचा रविवार

आज माळ्यावरची पेटी खाली काढली आणि आजीच्या गोधड्या गच्चीवर उन्हाला घातल्या. ऑक्टोबरचं ऊन नागपुरात चांगलंच चटकतं. दुपारपर्यंत कडुलिंबाच्या पाल्याचा वास उडाला आणि जुन्या धुतलेल्या सुताचा वास वर आला. कठडा, तार, जिन्याचा पाइप, जागा दिसेल तिथे आईने गोधड्या पसरल्या. समोरच्या काकूंनी त्यांच्या गच्चीवरून विचारलं, "यंदाही पाव्हणे येऊन राहिले का वं?" आई म्हणाली, "येतील ना, काऊन नाही येणार?"

आमच्याकडे गोधड्यांचे दोन प्रकार, घरच्या आणि मुक्कामाच्या. घरच्या म्हणजे आम्ही पांघरतो त्या. मुक्कामाच्या पेटीत राहतात आणि त्यांच्यावर घरातलं कोणी झोपायचं नाही, हा आजीचा नियम. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या बायका आमच्याकडे रात्रीला थांबतात, त्यांच्यासाठी ती वर्षभर शिवत असे. लहानपणी मला याचा फार राग यायचा. मऊ, स्वच्छ, रंगीत किनारीच्या गोधड्या अनोळखी बायकांना आणि घरच्या लेकरांना विटक्या? आजी म्हणायची, "तू त रोजच घरी झोपते. थे बाई वर्षातून एकडाव येते."

आमचं घर अजनी स्टेशनपासून जवळ. अजनीला उतरून दीक्षाभूमीकडे पायी जाणाऱ्यांची रांग दसऱ्याच्या दोन दिवस आधीपासून लागते. नांदेड, परभणी, बुलढाणा, यवतमाळ, तेलंगणातूनसुद्धा. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, हातात पंचशील ध्वज. आजी ओट्यावर बसून बघायची. कोण लंगडतंय, कोणाचं बाळ फार लहान आहे, कोणाबरोबर म्हातारी आहे, हे तिच्या बरोबर लक्षात यायचं. मग हाक, "ओ माय, जयभीम! कोणत्या गावच्या वं तुम्ही? या ना इकडं घडीभर."

आणि घरात आलेल्या बाईला ती आधी पाणी विचारायची नाही, चहा तर नाहीच. मागच्या दाराशी नेऊन संडास आणि मोरी दाखवायची, बादली भरून द्यायची, दाराला आतून कडी कशी लागते ते सांगायची. आम्हाला तिची ताकीदच होती, "बाईमाणसाले आधी मोरी दाखवा, चहा मंग." रात्रभर गाडीत उभ्याने आलेल्या बाईला खरी अडचण कशाची असते, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. पाहुणचाराबद्दल लोक पुष्कळ बोलतात, जेवणावळींचे फोटो काढतात. ही गोष्ट मात्र फार थोड्यांना सुचते. मला विचाराल तर आजीचा सगळा मोठेपणा त्या भरलेल्या बादलीत होता.

संध्याकाळी गोधड्या खाली आणून घड्या घालताना एकेक हातात घेऊन पाहिली. मुक्कामाच्या गोधडीची तिची एक रीत ठरलेली होती. थर कमी, कारण बाईला घडी करून हलवता आली पाहिजे, आणि लेकराने ओली केली तर दुपारपर्यंत वाळली पाहिजे. एक बाजू जाड कापडाची, जमिनीकडची. दुसरी मऊ लुगड्याची, अंगाकडची. मऊ बाजूच्या एका कोपऱ्यात जाड लाल दोऱ्याची गाठ. ती शोभेसाठी नाही, तर रात्री दिवा नसला तरी बोटाने चाचपून कळावं, कोणती बाजू वर, म्हणून. आज मी डोळे मिटून पाहिलं. पहिल्याच खेपेला गाठ बोटाला लागली.

शिवायची पद्धत तर मला पाठ आहे. जुनी लुगडी सोड्याच्या पाण्यात उकळून वाळवायची. काठ उसवून बाजूला ठेवायचे, ते शेवटी किनारीला लागतात. मधल्या खोलीतलं सगळं सामान भिंतीशी सरकवायचं, फरशी पुसायची, आणि थरावर थर अंथरून चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, अडकित्ता, पाण्याचा तांब्या असं जड काहीतरी ठेवायचं. मग ती गुडघ्यांवर बसून दोन्ही तळव्यांनी सुरकुत्या मधून बाहेर काढत जायची. आधी लांब लांब कच्चे टाके. नंतर काठापासून आत, चौकोनात चौकोन, मध्यापर्यंत. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. पुढे दिसेनासं झालं तेव्हा दोरा मी ओवून द्यायची. सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या की शाळेत जायची मोकळीक.

कापड येई गल्लीतून. टेलर चाचा कातरणाची पिशवी बाजूला ठेवायचे. हिवाळ्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की त्यांच्या घरी सांभारवड्यांचा डबा जायचा. कोणाच्या घरी म्हातारं माणूस गेलं की त्याची धोतरं, लुगडी आजीकडे यायची. त्यातून ती आधी त्या घरासाठी एक गोधडी शिवून द्यायची आणि उरलेलं कापड विचारून ठेवून घ्यायची. न विचारता एक चिंधीसुद्धा नाही.


दसरा, रात्री उशिरा

आज घरात बायका आणि लेकरं मिळून मधली खोली, पुढची खोली, वरांडा सगळं भरलंय. बाबा आणि मी गच्चीवर. खाली अजून दोघी जणी बोलताहेत, आवाज वर येतोय. लिहून ठेवते, नाहीतर उद्याच्या धावपळीत राहून जाईल.

सकाळीच दीक्षाभूमीवर जाऊन आले. राहाटे कॉलनी चौकापासूनच पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना भोजनदानाचे मांडव, पुस्तकांची दुकानं, निळे झेंडे. स्तूपासमोर उभी राहिले की मला दरवेळी आजीचं एक वाक्य आठवतं, "आमच्या वक्ताले इथं काहीच नव्हतं, नुसतं मैदान." स्तूपाचं लोकार्पण झालं १८ डिसेंबर २००१ ला. ती मात्र १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे होती, बारा वर्षांची. उमरेडकडच्या तिच्या गावातून बैलगाड्या निघाल्या होत्या. तिच्या आईने पांढरं लुगडं मिळवलं होतं, हिच्यासाठी पांढरं पोलकं शिवलं होतं. फडक्यात भाकरी, चून म्हणजे पिठलं, आणि मिरच्यांचा ठेचा.

"बाबासाहेब दिसले का गं तुला?" मी दरवर्षी विचारायची. ती दरवर्षी तेच सांगायची, तेवढंच, एक शब्द वाढवायची नाही. "दुरून. पांढरे कपडे होते. बाजूला माईसाहेब होत्या. मंग समद्यांसंगं मीबी म्हनत गेली." माईसाहेब म्हणजे बाबासाहेबांच्या पत्नी. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग स्वतः समोरच्या लाखो लोकांना दिली, २२ प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, हे मी शाळेच्या वयात वाचलं. तिच्या आठवणीत प्रतिज्ञा म्हणताना तिच्या आईने धरलेला हात होता, इतका घट्ट की बोटं दुखली. आणि त्यापुढे, "दोन महिनेबी नाही झाले, अन् बाबासाहेब गेले." इथे ती थांबायची, उठून काहीतरी कामाला लागायची.

त्या रात्री त्या मायलेकी कोणाच्या तरी ओसरीवर झोपल्या होत्या. पहाटे गारवा सुटला तेव्हा घरातली एक बाई बाहेर आली आणि झोपलेल्या पोरीच्या अंगावर पांघरूण टाकून गेली. सकाळी निघायच्या गर्दीत ती बाई कोण हे विचारायचंही राहिलं. आईचं म्हणणं, आजीच्या सगळ्या गोधड्या तिथून निघाल्या. असेलही. पण मला ते पुरेसं वाटत नाही. अशी मदत पुष्कळांना कधी ना कधी मिळालेली असते, आणि सगळे काही पन्नास वर्षं गोधड्या शिवत बसत नाहीत. आजीचा स्वभावच तसा होता, दसरा असो की नसो.

एम्प्रेस मिलचंच घ्या. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ही मिल, आजोबांनी तिच्या सूतखात्यात जन्म काढला. ते निवृत्त झाले त्यानंतर, २००२ मध्ये, मिल कायमची बंद झाली. आमच्या गल्लीत तेव्हा मिलवर अवलंबून असलेली काही घरं होती. मी लहान होते, पण इतकं आठवतं की आजीचं भाजीचं भगुणं अचानक मोठं झालं. अंधार पडला की ती वाडगं झाकून माझ्या हातात द्यायची आणि सोबत एक निरोप. "काकूले म्हणा, आजीनं विचारलं, मीठ जास्त त नाही झालं? चाखून पाहा." दुसऱ्या दिवशी दुसरं घर, "वांगे कडू निघाले का पाहून सांगा म्हणा." मी जायची, काकू चव बघायच्या, म्हणायच्या, "नाही वं, बराबर आहे मीठ." वाडगं तिथेच राहायचं. महिनोन्‌महिने आजीला स्वतःच्या हाताच्या मिठाचा अंदाज कसा येईना, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्या काकूंनाही सगळं कळत असणार. त्यांनी कधी तसं दाखवलं नाही, आणि नंतर त्यांच्या मुलाला काम लागलं तेव्हा पहिल्या पगाराचे पेढे आमच्याकडे आले, "गोड कमी त नाही झालं? पाहून सांगा" या निरोपासकट.

आज स्वयंपाक तिच्याच पद्धतीने केला. सकाळी चून-भाकर, रात्री वांग्या-आलूची रस्सा भाजी, फल्लीच्या म्हणजे शेंगदाण्याच्या तेलात, आणि लांब रोट्या. रोट्या आईने केल्या. मागच्या अंगणात विटांची चूल मांडली, वर मडकं उपडं घातलं. लोकवन गव्हाचं पीठ मीठ-पाण्यात इतकं सैल भिजवायचं की परातीत पसरावं, आणि मग आपटत, ओढत, पाण्याचा हात लावत राहायचं, ताणलं तरी तुटेनासं होईपर्यंत. त्याचा गोळा उचलून या हातावरून त्या हातावर झेलत गेलं की रोटी कोपरापर्यंत लोंबते. ती एका झोक्यात मडक्यावर टाकायची. फोड आले, कडा सुटल्या की काढायची. आजीच्या रोटीतून पलीकडची चूल दिसायची. परभणीकडच्या एका मावशींनी असली रोटी पहिल्यांदाच पाहिली. त्या पीठ हातात घेऊन बघत होत्या, आई त्यांचा कोपर धरून दाखवत होती, लेकरं भोवती. चुलीजवळ एवढं हसू मी खूप दिवसांनी ऐकलं.

यवतमाळकडून दरवर्षी येणाऱ्या एक आजी आहेत. त्यांना आजी गेल्याचं माहीत नव्हतं. दारात आल्या आणि नेहमीसारखं, "कुठी आहे वं माही बहीण?" आईने आत नेलं, फोटो दाखवला. त्या बराच वेळ फोटोसमोर बसल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "पहिल्यांदा आली थ्या साली म्या पैसे काढले होते. मले म्हने, कायले काढून राहिली? लेकराच्या बिस्कुटाले ठेव." ते लेकरू आज त्यांना घेऊन आलं होतं, दाढीमिशीचा बाप्या. रात्री त्यांनी आपली गोधडी स्वतःच निवडली, हिरव्या काठाची. दरवर्षी तीच घेतात म्हणे.


दसऱ्यानंतर, शुक्रवार

पाहुणे गेले. गोधड्या धुऊन टाकल्या, पेटीत कडुलिंबाचा ताजा पाला घातला. गच्चीवर अजून दोन वाळताहेत.

आत्याचा फोन आला होता. तिच्या नातीचं नाव ठेवायचं आहे, तिला मुक्कामाच्या गोधड्यांतली एक हवी आहे, आईच्या हातची. तिचं मागणं चुकीचं नाही. तिचीच आई. आणि आजीने आता नवीन शिवायचं राहिलं नाही. आई गप्प बसली, फोन माझ्याकडे दिला. मी नाही म्हटलं. आजीने शेवटच्या आजारपणात औषधं, दागिने, पासबुक यांतलं काहीच नीट सांगितलं नाही, पण हे दोनदा सांगितलं होतं, "मुक्कामाच्या गोदड्या वाटून घेऊ नका." आत्याला वाईट वाटलं, तिने फोन लवकर ठेवला. मलाही वाईट वाटलं. तरी नाही ते नाही.

रात्री आईने आजीची दोन सुती लुगडी आणि एक चादर काढली. घरची गोधडी होईल, बाळासाठी, छोटी. टाके आईचे असतील, किनार मी लावीन. मग आत्याला पुन्हा फोन केला, तिला विचारलं की किनारीला जांभळा काठ लावू की पोपटी. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोपटी. अन् टाके बारीक घाला म्हणा वहिनीले."