बर्लिनचा उन्हाळा, हॉटेलातली भांडी आणि चार गुंठ्यांची बाग

आपल्या विदर्भात उन्हाळा काढावा लागतो. तोंडाला दुपट्टा बांधून, कुलरच्या टाकीत बादल्या ओतून, कैरीचं पन्हं पिऊन कसाबसा काढायचा आणि मृगाची वाट पाहायची. बर्लिनमधे सगळं उलटं. इथं जून लागला की लोक ऊन शोधत फिरतात, कॅफेतली सावलीतली टेबलं रिकामी अन् उन्हातल्या टेबलासाठी माणसं ताटकळत उभी, आणि जिथं जिथं गवताचा तुकडा दिसेल तिथं लोक वाळवण घातल्यासारखे पडलेले. मला आधी वाटलं काही झालंबिलं काय यांना. मग डिसेंबर आठवला, इथं चार वाजता दिवे लावावे लागतात तेव्हा, मग म्हटलं पडू दे बाप्पा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडची. घरी कोरडवाहू वावर, पऱ्हाटी, तूर, थोडं सोयाबीन. शिकते टेक्स्टाईल, जर्मनीतल्या केम्नित्झ शहरात, म्हणजे कापूस काही सुटला नाही. केम्नित्झ चांगलं आहे पण रविवारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि सुट्टीत काम पाहिजे तर बर्लिन गाठ असं सगळ्यांनीच सांगितलं. २०२५ मधे शेवटी शेवटी माझा फक्त प्रोजेक्ट उरला होता, तो लॅपटॉपवर होण्यासारखा, म्हणून जूनमधेच आले. सेमिस्टरचं रेल्वेचं तिकीट पूर्ण जर्मनीत चालतं, लोकल गाड्यांत, त्यामुळं येणंजाणं फुकटातच पडलं म्हणा.

गावाकडून पोट्टे मेसेज करून विचारतात की तिथं काम कसं भेटते, तर आधी तेवढं सांगून टाकते. आपल्यासारख्या युरोपबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. कॉलेज चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या आत राहायचं, सुट्टी लागली की पूर्णवेळ चालतं. कमीत कमी मजुरी कायद्यानं ठरलेली, २०२५ मधे तासाला १२.८२ युरो. आणि खाण्यापिण्याच्या ठिकाणी काम करायचं असेल तर आधी आरोग्य खात्याचं एक ट्रेनिंग आणि त्याचा कागद लागतो, तो कागद नसेल तर किचनमधे पायसुद्धा टाकू देत नाहीत.

माझं काम होतं क्रॉइझबर्ग नावाच्या भागात, लांडवेअर कालव्याच्या जवळच्या एका रेस्टॉरंटात. भांडी घासायचं. गोडगोड नाव देऊन काही उपयोग नाही, भांडीच. मशीन असतं ना पण, ट्रेमधे ताटं उभी लावायची, ट्रे आत ढकलायचा, झाकण खाली ओढायचं, दोनेक मिनिटांत वाफेचा लोट तोंडावर येतो आणि ताटं एवढी गरम निघतात की पुसायच्या आत आपोआप कोरडी. मोठ्या कढया अन् बेकिंगचे ट्रे मात्र हातानंच. किचनमधे शेफ तुर्की, सलादवाली बोलिव्हियाची, भाजी कापणारा सुदानचा, आणि जर्मन सगळ्यांचंच मोडकंतोडकं, त्यामुळं कोणी कोणाला हसत नव्हतं. मला सगळ्यात नवल कशाचं वाटलं तर घड्याळाचं. सहा तासांच्या वर ड्युटी असली की अर्धा तास सुट्टी म्हणजे सुट्टी, शेफ स्वतः येऊन हातातला स्क्रबर काढून घेणार, आणि शिफ्ट संपली की अर्धी घासलेली कढई तशीच ठेवून घरी. मला ते जमेचना. वावरात असं असतं का कधी, की सहा वाजले म्हणून निंदणाचं तास (म्हणजे ओळ, घड्याळातला नाही) अर्ध्यात सोडून धुऱ्यावरून निघून गेलं?

मायला फोनवर सांगितलं तर ती म्हणे, "तिथी जाऊन भांडेच घासाचे होते त इथं काय कमी होते व?" बाबानं मात्र तासाचे किती ते विचारलं. सांगितले. युरो शंभर रुपयाच्या आसपास, त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि बराच वेळ फोनवर काहीच बोलले नाहीत, कारण आमच्याकडं बाईला दिवसभराच्या निंदणाचे अडीचशे-तीनशे भेटतात. मग मला सांगावं लागलं की बाबा, गुणाकार एकीकडनंच नका करू, इथं साधा डोनर खाल्ला, म्हणजे रोटीत मांस-सलाद भरून देतात तो, तर सात-आठ युरो जातात, आणि खोलीचं भाडं ऐकलं तर माय रडेल. पण खरं सांगायचं तर रूमवर वरण-भात केला, एखाद्या दिवशी आलूची भाजी, आणि बाहेर खाणं आवरलं तर मागं उरतात पैसे. बरे उरतात.

शहर लय जिवंत आहे हो. शुक्रवारी-शनिवारी मेट्रो रात्रभर चालू, रात्री तीन वाजता डब्यात बसायला जागा नसते. माझी शिफ्ट सुटायची तेव्हा कालव्यावरच्या पुलावर पोरंपोरी खाली दगडावरच बसलेली, हातात बाटल्या, कोणी गिटार वाजवतंय. रिकाम्या बाटल्या लोक कचराकुंडीच्या आत न टाकता बाजूला उभ्या करून ठेवतात, कारण बाटली दुकानात परत दिली की पैसे भेटतात, बियरच्या काचेच्या बाटलीचे ८ सेंट, प्लॅस्टिकच्या आणि कॅनचे २५. म्हातारी माणसं पिशव्या घेऊन त्या गोळा करत फिरतात. एवढ्या श्रीमंत देशात सत्तर वर्षांचा माणूस बाटल्या वेचतो हे पाहून पहिल्यांदा पोटात कालवलं, नंतर सवय झाली, आणि सवय झाली याचं जास्त वाईट वाटलं.

२१ जूनला इथं पूर्ण शहरात फुकट गाणंबजावणं असतं, १९९५ पासून दरवर्षी होते म्हणे, गल्लोगल्ली बँड. सूर्य साडेनऊनंतर मावळतो त्यामुळं संध्याकाळ संपतच नाही. मी अशीच एका चौकात उभी, समोर कोणीतरी ट्रम्पेट वाजवत होतं, अन् घरून फोन. आपल्याकडं तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. बाबांना झोप नव्हती. त्या वर्षी पाऊस मे मधेच आला म्हणून टीव्हीवर गवगवा झाला आणि मग मधातच अडकून बसला, ते तुम्हाला माहीतच आहे. लोकांनी घाई केली, आम्ही थांबलो, पण थांबणाऱ्याला तरी कुठं झोप लागते. "तुह्या तिकडं पाणी हाय काय?" त्यांनी विचारलं. इथं होतं तर. जुलैमधे तर धो धो होतं, आणि किचनमधले सगळे खिडकीतून बघून शिव्या घालत होते की उन्हाळ्याची वाट लागली, गिऱ्हाईक बाहेर बसणार नाही, टीप बुडणार. पाऊस आला म्हणून कोणी शिवी देतं हे ऐकायला मला आजही विचित्र वाटतं.

टेम्पलहोफचं मैदान मात्र माझं लाडकं. विमानतळ होता तिथं, २००८ मधे बंद केला, २०१० मधे लोकांसाठी उघडला, धावपट्ट्या तशाच ठेवून. १९४८-४९ मधे सोव्हिएत रशियानं पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे बंद केली होती तेव्हा अमेरिकन विमानं धान्य, कोळसा घेऊन इथं उतरायची. आता त्याच धावपट्टीवर पोरं सायकली चालवतात, पतंग उडवतात, अन् चंडोल जमिनीवर घरटी करतात म्हणून तेवढा भाग दोरी लावून बंद ठेवतात. तिथं घरं बांधायचा सरकारचा प्लॅन होता, २०१४ मधे लोकांनी मतदान करून हाणून पाडला. तीनशे हेक्टरच्या वर जागा! बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्यांचा एकच प्रश्न, "साडेसातशे एकर पडीक काऊन ठेवली?"

मी सांगितलं, लोकांना बसायला. ते हसले. पण मी तिथं बसून खूपदा हाच विचार केला. बसणारे आपल्या गावातही आहेत, पारावर, पानठेल्यावर, सकाळपासून बसलेले, आणि त्यांच्याकडं येणारा-जाणारा कसं पाहतो ते तुम्हाला माहीत आहे. ते बसले आहेत कारण हाताला काम नाही. इथं बसलेला माणूस काम संपवून आलेला आहे आणि उद्या पुन्हा काम आहे हे त्याला पक्कं माहीत आहे, म्हणून तो एवढा निवांत पाय पसरतो. माझी बारावीनंतरची चार वर्षं "पोरगी रिकामी बसली" हे ऐकू नये म्हणून सारखं काहीतरी करत राहण्यात गेली, त्यामुळं सुरुवातीला मी मैदानात पण पुस्तक उघडून बसायची, वाचत नव्हते तरी. ऑगस्टपर्यंत पुस्तक न्यायचं बंद केलं.

आता बागेचं. मी राहायची वेडिंग भागात, तिसऱ्या मजल्यावर, खाली एक रिटायर आजी. त्यांच्याकडं रेबेर्गे पार्ककडच्या बाजूला भाड्यानं घेतलेली बाग आहे. इथं हा मोठा प्रकार आहे, शहरातल्या लोकांसाठी छोटे छोटे तुकडे, बर्लिनमधे असे हजारो, आणि नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. त्याचा देशाचा कायदा आहे, १९८३ चा. एक तुकडा ४०० चौरस मीटरच्या वर सहसा नाही, म्हणजे आपले जेमतेम चार गुंठे. त्यावर झोपडी बांधायची तर २४ चौरस मीटरपर्यंत, कायमचं राहायला जायचं नाही, आणि साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाजी पिकवलीच पाहिजे, नुसती हिरवळ करून खुर्च्या टाकल्या तर समितीवाले येऊन बोलतात. दुपारी मशीनचा आवाज करायचा नाही असले नियम तर विचारू नका.

मी शेतकऱ्याची पोरगी आहे हे आजींना कळलं, तर एका रविवारी घेऊनच गेल्या. गेल्यावर त्यांनी मला हातमोजे दिले. निंदायला हातमोजे! मी काढून ठेवले आणि उकिडवी बसून बटाट्याच्या दोन ओळी काढल्या, आजी गुडघ्याखाली गादी घेऊन अर्ध्या ओळीत होत्या. पण त्यांचं बाकीचं पाहून मी गप्प झाले. टमाट्यावर पावसाचं पाणी पडू नये, पानं भिजून करपा येतो म्हणून वर प्लॅस्टिकचं छप्पर. छपराच्या पाण्याला पन्हाळ, पन्हाळीखाली ड्रम. संध्याकाळी उजेड कमी झाला की टॉर्च आणि डबा घेऊन एकेक गोगलगाय वेचायची, कारण एका रात्रीत कोवळी रोपं साफ करतात. कोणत्या वाफ्यात मागच्या वर्षी काय होतं याची वही, तारखेसकट. चार गुंठ्यांची! मी तिथं इंडियन दुकानातले धने चोळून टाकले, आठ-दहा दिवसांनी सांबार (म्हणजे कोथिंबीर) उगवला, आजी कोवळं पान चावून म्हणाल्या साबणासारखं लागतं. राहू द्या म्हटलं, तो मीच खाते.

बागेच्या कायद्याचं बाबांना सांगितलं ते नेमकं त्याच आठवड्यात, जेव्हा आपल्या सरकारनं कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी तात्पुरती काढली होती, ऑगस्टमधे. आधीच चिडलेले. म्हणाले, "तिथी पिकवलं नाही त जमीन जाते, आन् इथं पिकवून राह्यलो तरी जाते." मग स्वतःच विषय बदलून विचारलं की त्या बाईच्या बटाट्याले डुकराचा तरास हाय काय.

आहे! आणि हे माझं सगळ्यात आवडतं. बर्लिनच्या जंगलाकडच्या भागात रानडुकरं खुलेआम फिरतात, बागा उकरतात, कचऱ्याचे डबे पालथे करतात. २०२० मधे टॉयफेल्सझे नावाच्या तळ्यावर एक माणूस उघडाच ऊन खात पडला होता (इथं ठराविक ठिकाणी चालतं, माय हे वाचत असशील तर पुढं जा), आणि रानडुक्कर त्याची पिशवी घेऊन पळालं, पिशवीत लॅपटॉप. तो माणूस तसाच मागं पळतोय हे फोटो जगभर फिरले. बाबांना सांगितलं तर एवढे हसले की खोकला लागला. दरवर्षी तुरीत जागल करून, फटाके फोडून, साड्या बांधून थकलेला माणूस आहे तो, त्यांना वाटत होतं डुकरं फक्त यवतमाळ जिल्ह्याच्याच मागं लागली आहेत.

बाकी ज्यांना पुढच्या उन्हाळ्यात यायचं आहे त्यांच्यासाठी, खोली एप्रिलपासूनच शोधायला लागा, जूनमधे काही भेटत नाही. सुट्टीत घरी जाणारे विद्यार्थी दोन-तीन महिन्यांसाठी आपली खोली देतात ते सगळ्यात परवडतं, पण त्या पत्त्यावर सरकारी दप्तरात नाव नोंदवू देणार का ते आधी विचारून घ्या. आणि कोणी म्हणालं की मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट टाक, चावी कुरियरनं पाठवतो, तर फोटो कितीही भारी असू द्या, सरळ ब्लॉक करा. माझ्या ओळखीतल्या एकाचे आठशे युरो असेच गेले. पगाराची स्लिप दर महिन्याला मागून घ्या, तासांची आपली वेगळी नोंद ठेवा, आजींसारखी, तारखेसकट. एका ठिकाणी, नाव नाही घेत, माझ्या रूममेटचे तास दोनदा कमी लिहिले होते, तिनं वही दाखवली तेव्हा मुकाट्यानं भरून दिले.