पाच स्वरांच्या शब्दांची चोपडी : आषाढ ते दिवाळी

इंग्रजीतील ए, ई, आय, ओ आणि यू हे पाचही स्वर प्रत्येकी एकदाच आलेले लांब शब्द जमवण्याच्या माझ्या छंदात आषाढापासून दिवाळीपर्यंत ३७ शब्दांची भर पडली असून चोपडीतील एकूण संख्या आता १६४ झाली आहे. नियम पूर्वीचेच आहेत. शब्द किमान नऊ अक्षरांचा असावा, वाय हे अक्षर स्वरांत धरू नये, आणि ज्याचा अर्थ मला स्वतःच्या मराठीत एका वाक्यात लिहिता येत नाही, तो शब्द कितीही लांब असला तरी चोपडीत चढवू नये. या तिसऱ्या नियमामुळे वेग मंदावतो. पण केवळ अक्षरे मोजून घेतलेला शब्द महिन्याभरात विसरतो, असा माझा अनुभव आहे.

या हंगामात मला सर्वांत आवडलेला शब्द भुसावळला मिळाला. रेल्वेच्या विद्युत इंजिनांच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले माझे मामा इंजिन उघडून, प्रत्येक भाग तपासून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडण्याच्या कामाविषयी सांगत होते, आणि दर दोन वाक्यांनी त्यांच्या तोंडी ‘ओव्हरहॉलिंग’ हा शब्द येत होता. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, परंतु त्या दिवशी प्रथमच तो वहीच्या कोपऱ्यात लिहून पाहिला : ओ, व्ही, ई, आर, एच, ए, यू, एल, आय, एन, जी. अकरा अक्षरे आणि पाचही स्वर! ‘हॉ’ या एकाच उच्चारात ए आणि यू असे दोन स्वर दडलेले असल्यामुळे कानाला तो शब्द कधी सापडलाच नव्हता. आपल्या लिपीत जो स्वर ऐकू येतो त्याची मात्रा डोळ्यांना दिसते. इंग्रजीत तसा भरवसा नसल्याने या छंदात कानापेक्षा डोळ्यावर अधिक विसंबावे लागते. ‘न्यूमोनिया’चेही तसेच आहे. त्याच्या आरंभीचा पी मुका आहे, आणि ‘न्यू’मध्ये ई व यू शेजारी शेजारी बसले आहेत.

लिलाव झालेला, या अर्थाचा ‘ऑक्शन्ड’ आणि भाजीबाजारातील फ्लॉवरचे पूर्ण नाव ‘कॉलिफ्लॉवर’ हेही याच काळात चोपडीत आले. लिलाव पुकारणारा ‘ऑक्शनीअर’ मात्र ई दोनदा आल्यामुळे बाहेर राहिला.

लांब शब्द हाती लागण्याची एक वाट आता स्पष्ट दिसू लागली आहे. नकाराचा ‘अन’ हा उपसर्ग यू देतो, ‘एबल’ हा प्रत्यय ए आणि ई देतो. मग मधल्या धातूत ओ आणि आय एकेकदाच असले की काम होते. ‘अनप्रॉफिटेबल’ म्हणजे नफा न देणारा, हा बारा अक्षरांचा शब्द असाच सापडला, आणि कापसाचा भाव पडलेल्या वर्षी आमच्या भागात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ‘अक्षम्य’ या अर्थाचा ‘अनफर्गिव्हेबल’ही बारा अक्षरांचाच आहे. याच वाटेवर माझी एक चूकही झाली. सहज लक्षात न येणारा, या अर्थाचा ‘अननोटिसेबल’ मी आठवणीवर विसंबून चढवला होता. पंधरा दिवसांनी शब्दकोश पाहिला तेव्हा त्यात ई दोनदा असल्याचे आढळले. ‘फर्गिव्ह’च्या शेवटचा ई प्रत्यय लागताना गळतो, पण ‘नोटिस’चा ई तसाच ठेवावा लागतो, कारण पुढे ए आल्यास सीचा उच्चार ‘स’ न राहता ‘क’ होईल. तो शब्द मी लाल शाईने खोडला.

या वाटेवरील सर्वांत मोलाचा शब्द ‘अनकॉपीराइटेबल’ होय. ज्यावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. त्यात पाच स्वर एकेकदाच येतात हे तर झालेच, शिवाय त्याच्या पंधरा अक्षरांपैकी एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. बोटांच्या व तळव्यांच्या त्वचेवरील रेषांच्या अभ्यासाला हॅरोल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये दिलेले ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ हे नावही पंधरा वेगवेगळ्या अक्षरांचे आहे, परंतु त्यात यू नसल्याने ते माझ्या चोपडीत बसत नाही.

‘पर्टर्बेशन’ या शब्दासाठी मी तीन संध्याकाळी खर्च केल्या. शब्दकोशात ‘अस्वस्थता’ असा अर्थ होता, पण खगोलशास्त्रात एका ग्रहाच्या ओढीने दुसऱ्याच्या कक्षेत पडणाऱ्या फरकाला हा शब्द आहे, आणि युरेनसच्या कक्षेतील अशाच फरकावरून गणित मांडल्यानंतर १८४६ मध्ये नेपच्यून सापडला, हे वाचल्यावरच मला अर्थाचे वाक्य लिहिता आले.

ए, ई, आय, ओ, यू हा क्रमही पाळणाऱ्या शब्दांसाठी वेगळे पान आहे. त्यावर ‘फसीशस’, म्हणजे गंभीर विषयातही थट्टा करणारा, आणि ‘अॅब्स्टीमियस’, म्हणजे खाण्यापिण्यात संयमी, हे दोन आधीपासून होते. दुसऱ्याच्या मुळाशी मद्य या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, म्हणून तो चोपडीत ‘मिताहारी’पेक्षा ‘निर्व्यसनी’च्या जवळ लिहिला आहे. नेमक्या उलट क्रमाचे, यूपासून एपर्यंत जाणारे, दोनच शब्द मिळाले : उपखंडाशी संबंधित या अर्थाचा ‘सबकॉन्टिनेंटल’ आणि प्रशंसेच्या उलट असा ‘अनकॉम्प्लिमेंटरी’. पुढील चार महिने मी या उलट क्रमासाठीच देणार आहे, आणि ‘अन’ व ‘सब’ या उपसर्गांची शब्दकोशातील पाने कार्तिक संपण्यापूर्वी वाचून पूर्ण करीन.