पेशी भरपूर, तरी रक्त थांबत नाही

डेंग्यूच्या दिवसांत आमच्या पाचोऱ्यात रिक्षावाल्या दादांपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्यांना प्लेटलेटचा हिशोब तोंडपाठ असतो. दीड लाख ते साडेचार लाख म्हणजे ठीक. त्याखाली गेलं की घरात पपईच्या पानांचा रस सुरू. मी इथल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पावसाळा सरेपर्यंत काउंटरवर एकच प्रश्न असतो, "ताई, पेशी किती आल्या?"

हे कळतं ते चांगलंच आहे. मला मात्र काळजी वाटते ती आकडा उत्तम येऊनही रक्त न थांबणाऱ्या माणसांची. रिपोर्ट पाहून त्यांना "काही नाही" म्हणून घरी पाठवलं जातं.

भडगावकडच्या एका खेड्यातून आई आपल्या आठवीतल्या मुलीला घेऊन आली होती. पाळी सुरू झाल्यापासून मुलगी पांढरीफटक पडली होती. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास, प्लेटलेट मात्र २ लाख ८० हजार. पीटी आणि एपीटीटी, म्हणजे रक्त गोठण्याच्या नेहमीच्या दोन्ही तपासण्या, अगदी नॉर्मल. आईने अहिराणीत विचारलं, "रिपोट चांगला शे ना ताई, मंग पोरनं रगत काबं थांबत नही?" इतका नेमका प्रश्न मी मोठमोठ्या परिसंवादांतही ऐकलेला नाही.

प्लेटलेटचं काम नुसतं हजर राहण्याचं नसतं. जखमेपाशी त्यांनी आधी भिंतीला चिकटायचं आणि मग एकमेकींना धरायचं. एकमेकींना धरण्यासाठी त्यांच्या अंगावर ग्लायकोप्रोटीन टू-बी थ्री-ए नावाचं प्रथिन असतं. रक्तातलं फायब्रिनोजेन हे दुसरं प्रथिन त्यालाच येऊन जोडलं जातं, आणि तेव्हाच प्लेटलेटचा गुच्छ तयार होतो. हे प्रथिन नसेल किंवा बिघडलेलं असेल, तर शेतात मजूर भरपूर पण सगळ्यांचे हात बांधलेले, अशी गत होते. स्वित्झर्लंडमधले बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून तो ग्लान्झमान थ्रॉम्बास्थेनिया. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच तो होतो. स्वतः आईवडिलांना सहसा काही त्रास नसतो. मुलीचे वडील तिच्या आईचे सख्खे आतेभाऊ. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे, म्हणून मी नातं न चुकता विचारते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक असते.

यात छोट्या लॅबलाही करता येण्यासारखं काम आहे, आणि त्याला मशीन लागत नाही. ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या, बाटलीतल्या रक्तात प्लेटलेट बहुधा सुट्याच दिसतात, म्हणून बोटाला टोचून थेट काचेवर स्मिअर, म्हणजे रक्ताचा पातळ थर, ओढायचा. निरोगी माणसाच्या स्मिअरमध्ये प्लेटलेटचे पुंजके दिसतात. या मुलीच्या काचेवर एकही पुंजका नव्हता, सगळ्या एकेकट्या पसरलेल्या. मी डॉक्टरांना मायक्रोस्कोपपाशी बोलावलं, आणि त्यांनी मुंबईला जायची चिठ्ठी लिहिली.

खात्रीची तपासणी म्हणजे ॲग्रिगोमेट्री, प्लेटलेटचे पुंजके बनतात का ते पाहणारी. ही पद्धत १९६२ मधली. प्लेटलेट असलेला गढूळ प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, घेऊन त्यात एडीपी, कोलॅजेन अशी प्लेटलेटना चेतवणारी एकेक द्रव्यं घालतात. पुंजके बनले की प्लाझ्मा निवळतो, प्रकाश आरपार जातो आणि आलेख चढतो. ग्लान्झमानमध्ये आलेख सपाट राहतो, फक्त रिस्टोसेटिन नावाच्या द्रव्याला तेवढा प्रतिसाद येतो. बर्नार्ड-सूलिए या प्लेटलेटच्याच दुसऱ्या आजारात नेमकं उलटं घडतं. त्यात प्लेटलेट आकाराने एवढ्या मोठ्या असतात की मशीन त्यांना तांबड्या पेशींत मोजतं आणि आकडा आणखी कमी दाखवतं. रिस्टोसेटिनची हकीकत मला फार विलक्षण वाटते. ते मुळात अँटिबायोटिक. रुग्णांच्या प्लेटलेट कमी होतात म्हणून वापरातून गेलं, आणि त्याच अवगुणामुळे १९७१ पासून निदानाच्या कामी आलं.

पण हा नमुना कुरिअरने पाठवता येत नाही. सायट्रेटच्या (हेही रक्त गोठू न देणारं रसायन) बाटलीत घेतलेलं रक्त फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, आणि साधारण चार तासांत तपासणी उरकायची. पाचोऱ्याहून मुंबईला रेल्वेलाच त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून रुग्णानेच जावं लागतं. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे हे काम होतं. फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरची प्रथिनं मोजणाऱ्या मशीनने, सीडी ४१ आणि सीडी ६१ हे त्याच टू-बी थ्री-ए प्रथिनाचे दोन भाग पाहिले की निदान पक्कं होतं. जाण्याआधी वेदनाशामक गोळ्यांची चौकशी करायलाच हवी. ॲस्पिरिन घेतलेली असेल तर त्या प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, अधू राहतात आणि आलेख फसवा येतो.

सगळ्यात अवघड असतं ते माहिती काढणं. "पाळीत रक्त जास्त जातं का?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही, आमच्याकडे सगळ्या बायांना एवढंच जातं." आजारच घराण्यात असेल तर ते खरंही असतं! फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांट यांनी १९२६ मध्ये रक्तस्रावाच्याच दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराच्या, तिथल्या ऑलँड बेटांवरच्या ज्या कुटुंबाची नोंद केली, त्यातली एक मुलगी तेराव्या वर्षी चौथ्या पाळीत रक्तस्रावाने गेली. जगभर आज वापरली जाणारी रक्तस्रावाची प्रश्नावली म्हणूनच मोजून विचारते. दोन तासांच्या आत पॅड बदलावं लागतं का? नाकातून आलेलं रक्त दहा मिनिटांत थांबतं का? मी त्यात आपल्याकडचे प्रश्न घालते. नाक-कान टोचले तेव्हा काय झालं? दुधाचा दात पडला तेव्हा? रात्री कपडा बदलायला उठावं लागतं का?

त्या मुलीचं निदान ग्लान्झमानच निघालं. आता पाळीच्या दिवसांत ती डॉक्टरांनी दिलेल्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या, म्हणजे रक्तस्राव कमी करणाऱ्या, गोळ्या घेते. ॲस्पिरिन आणि त्या जातीची वेदनाशामकं बंद, कमरेवरची इंजेक्शनं बंद, आणि दप्तरात आजाराचं कार्ड. प्लेटलेट चढवायची वेळ शक्यतो येऊ देत नाहीत, कारण शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं.

चाळीसगाव, चोपडा, शिरपूर, शहाद्याच्या माझ्या लॅबवाल्या भावाबहिणींना माझं सांगणं आहे. आकडा नॉर्मल आणि रक्त थांबत नाही, असा रुग्ण आला तर बोटाचा स्मिअर ओढाच. पुंजके दिसले नाहीत, तर रिपोर्टच्या खाली एक ओळ लिहा: "बोटाच्या स्मिअरवर प्लेटलेट सुट्या, कार्याची तपासणी करावी."