फुकट असूनही बायका का येत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हे लिहायला बसले नसते. गणपतीला मुंबईहून आलेलं प्रत्येक जण मला हेच विचारतं, अगं बीपी, शुगर, कॅन्सरची सरकारी तपासणी फुकट, उपकेंद्र दहा मिनिटांवर, तरी तुमच्या वाडीतल्या बायका नाही का म्हणतात, इतक्या अडाणी आहेत का? अडाणी कसल्या, काजूचा भाव रोज फोनवर बघणाऱ्या बायका आहेत या.

मी आशाताईंसोबत घरोघर फिरते, तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा एक फॉर्म असतो तो भरायला मदत म्हणून. वय, कंबरेचं माप, तंबाखू, दारू, घरात कुणाला बीपी-शुगर, सगळ्याला मार्क द्यायचे आणि बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासायचं. कंबरेला टेप लावेपर्यंत नुसता हशा असतो, तंबाखू आला की सगळ्या गप्प. कारण मशेरी. सकाळी चुलीपाशी बसून मशेरी लावल्याशिवाय कित्येक जणींचा दिवसच सुरू होत नाही. आणि दवाखान्यात तोंड उघडलं की पहिलं काय ऐकायचं, तर "ही घाण आधी सोडा", तेही अख्ख्या रांगेसमोर. शेजारची काकी म्हणते, "तपासूक नाय गो, गाळी घालूक बोलवतत."

खरं तर तोंड तपासायचं म्हणजे टॉर्च आणि दोन मिनिटं. केरळात तिरुवनंतपुरमकडे काही वर्षं अशीच घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं बघितली, २००५ साली निकाल आला, तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झालेले. हे मी काकीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि गावला तर मगे?" म्हणजे सापडलाच कॅन्सर, तर पुढे काय?

झालं, इथे माझी बोलती बंद. मगे म्हणजे गोव्यातलं बांबोळीचं मोठं हॉस्पिटल, नाहीतर कोल्हापूर, नाहीतर थेट मुंबई. उपचाराला योजना आहे हो, पण सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो त्याला योजना नाही, म्हैस कोण पिळणार त्याला नाही, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला कळतं, घरात लग्नाची मुलगी असते. हा सगळा हिशोब करूनच काकी नाही म्हणते. खालच्या, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचं तर नावच नको, आमच्याकडे तपासणीच्या खोलीच्या दाराला धड कडी नव्हती तेव्हा मी स्वतः दोनदा टाळलीय, मग केली.

आणि एक कबूल करते, मुलाने फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं होतं माझ्यासाठी, त्याला मीही नाही म्हटलं. बीपी, शुगर, तोंड, हे सगळं मी बघते, पण काही त्रास नसताना सत्तर टेस्ट कशाला? दक्षिण कोरियात चेकअपसोबत थायरॉइडची सोनोग्राफी करायची पद्धत पडली आणि २०११ पर्यंत थायरॉइडचा कॅन्सर १९९३ च्या १५ पट सापडायला लागला, हजारोंची ऑपरेशनं झाली, मरणारे मात्र तेवढेच राहिले. मुलगा म्हणाला, आई तू पण काकीसारखीच. असेन बाबा.

यंदा मे महिन्यात उपकेंद्राच्या सिस्टर स्वतःच काकीच्या खळ्यात येऊन बसल्या. काकी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होती, सिस्टरनी पण दोन-चार फोडले, मशेरीचा म काढला नाही. अर्ध्या तासाने काकीच म्हणाली, "मार गो तुझी टॉर्च." डाव्या गालात आतून थोडं पांढरं दिसलं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, सोमवारी मी तालुक्याला चाललेय, बरोबर जाऊ.

"बघूया," म्हणाली काकी, आणि पुढचा रातांबा उचलला.